दातांनी ऐकलेलं बेअरिंग

यंत्र कुरकुरायला लागलं की तुम्ही काय करता? तेल ओतता, खरं ना? मीही ओतलं, आणि तेही तत्त्व म्हणून.

घणसोलीच्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा रबाळ्याला एका कारखान्यात फिटर होते. पत्रे दाबणाऱ्या मोठ्या प्रेस मशीन सांभाळायचे आणि युनियनची पत्रकंही तेच लिहायचे. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकले. ‘मशीनला तेल नाही, माणसाला सुट्टी नाही’ ही त्यांची ओळ मला कवितेसारखी पाठ होती. तेलात हात आखडतो तो मालक, हे डोक्यात तेव्हापासून बसलेलं.

आता पत्रकं मी लिहिते. त्या दिवशीचं पत्रक रबाळ्याच्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या प्रेस खात्यासाठी होतं. मागणी एकच: मशीनवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कानाचं संरक्षण द्या. खाली सह्यांसाठी रेघा. पण पाळी सुटली की माणसं गेटमधून सरळ शेअर रिक्षाकडे पळतात. त्यांना थांबवायला माझ्याकडे एकच उपाय होता, यो-यो. खारघरच्या मैत्रिणीने दिलेला, अ‍ॅल्युमिनियमचा. खाली सोडला की दोरीच्या टोकाशी जागच्या जागी फिरत राहतो. याला यो-यो झोपणं म्हणतात. तो मिनिटभर झोपतो, माणसं बघत उभी राहतात, तेवढ्यात मी बोलून घेते.

सकाळी तो किंचाळायला लागला. मी आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घेतली आणि त्याच्या पोटातलं, ज्यावर तो फिरतो ते बेअरिंग न्हाऊ घातलं. आवाज थांबला, पण झोपही गेली. खाली सोडला की लगेच उसळून वर यायचा. दोनदा बोटांवर आपटला.

“मोर्चा काढणाऱ्या बाईंचं खेळणंच संपावर गेलं,” आई म्हणाली.

बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वयामुळे, असं ते म्हणायचे. आम्ही जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून त्यांच्याशी बोलतो. मी लिहिलं, ‘तेल घातलं. बिघडलं. तीन वाजता गेट मीटिंग.’

त्यांनी यो-यो पिळून दोन भाग वेगळे केले. मधल्या आसावरून बेअरिंग काढलं. शर्टाच्या बटणाएवढं. बोटाला तेल लागलं तसे ते हसले. “अगं, भजी तळायची होती का?”

मी लिहिलं, ‘तेलात काटकसर नको, हे तुम्हीच लिहिलंय.’

“ते वंगणाच्या नळ्या असलेल्या मशीनसाठी गं! याला तेल पाजायचं नसतं, नुसतं दाखवायचं असतं.”

आधी त्यांनी आईला गॅस बंद करायला लावला, खिडक्या उघडल्या. मग बाटलीच्या झाकणात थिनर ओतला. सुईच्या टोकाने बेअरिंगच्या कडेचं केसाएवढं तारेचं कडं उचकलं, झाकणी निघाली आणि आत आठ गोळ्या दिसल्या. मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, आठही सारख्या. कुणीतरी कुठेतरी त्या इतक्या गोल केल्या होत्या की माझी नजर त्यांच्यावर कुठे टेकेना. इतके महिने बोटाला बांधून फिरवलं, आणि आत हे होतं!

थिनरमध्ये खळखळून, सुकवून त्यांनी बेअरिंग स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर बसवलं. नखाने बाहेरची कडी फिरवली. आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून डोळे मिटले.

माझे कान शाबूत आहेत, पण मला काहीच ऐकू आलं नाही.

“एका गोळीखाली कचरा आहे,” ते म्हणाले.

पुन्हा धुतलं. झाकणात वाळूच्या कणाहून बारीक काळा ठिपका उतरला. पुन्हा मूठ दातांत. या वेळी बराच वेळ. कडी थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि समाधानाने मान डोलावली. मग सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल त्यांनी एका गोळीला लावलं.

मी लिहिलं, ‘हे कधी शिकलात?’

त्यांनी कागद वाचला. “कान गेले तेव्हा. वय कसलं, प्रेसनेच गेले. सांगितलं असतं तर खात्यातून काढलं असतं. मग बारा वर्षं मशीनची थरथर दातांनी ऐकली. कुणाला कळलं नाही.”

आई पाठमोरी उभी राहिली. बोनस, कॅन्टीन, पाणी, सगळ्यांवर पत्रकं लिहिणाऱ्या या माणसाने कानांवर एक ओळ लिहिली नव्हती. मला रागाने रडू येत होतं, आणि त्या दातांपुढे हात जोडावेसेही वाटत होते.

‘गेटवर हे सांगू?’ मी लिहिलं.

“सांग. नाव नको घेऊस.”

तीन वाजता गेटवर यो-यो झोपला. आवाज नाही, थरथर नाही, जणू फिरतच नाहीये. घोळका जमला. मी बारा वर्षांची ती गोष्ट सांगितली. एक तरुण ऑपरेटर म्हणाला, “आपल्याला मस्त ऐकू येतं मॅडम, टेन्शन नाय.” त्याच्या मागे जाऊन मी साध्या आवाजात पाळीची वेळ विचारली. तो समोरच बघत राहिला. लोक हसले. मग हसायचे थांबले. त्याच्या शेजारच्याने माझ्या हातातून पत्रक ओढून घेतलं आणि सही करायला पेन मागितलं.

तुमच्या घरातलं कुणी प्रेसवर, ग्राइंडरवर, मागावर उभं राहत असेल, तर आज त्यांच्या पाठीमागे उभं राहून साध्या आवाजात काहीतरी विचारा. उत्तर आलं नाही तर याच आठवड्यात त्यांना कान तपासायला घेऊन जा. आणि कानाच्या संरक्षणाची मागणी एकट्याने करू नका. खात्यातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ती लेखी द्या.