पायाखालची वायर

वहिनी तिसऱ्यांदा परीक्षेला बसली तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त धास्ती होती. ती माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अगं-तुगं चालतं. दोघी एकाच हॉस्पिटलात कामाला. मी खाली नोंदणीच्या खिडकीवर, ती वर हेल्पडेस्कवर. हॉस्पिटलातला कुठलाही कॉम्प्युटर रुसला की फोन तिलाच जातो, गेली अकरा वर्षं.

फोनवरची वहिनी ऐकण्यासारखी असते. समोरच्याचं "हॅलो" पुरं व्हायच्या आत ती सुरू झालेली असते, "मागची वायर बघा. दाबा. अजून दाबा. दिसलं?" दहातल्या आठ वेळा वायरच सुटलेली निघते, म्हणून विचारपूस तिच्या गावीच नाही. "विचारून काय उपयोग? सगळे एकच सांगतात, आपोआप बंद पडलं," असं ती माझ्याकडे रोखून बघत म्हणते. माझ्या खिडकीवरचे तीन कीबोर्ड आपोआप बंद पडलेत. वायरींवर तर तिचा इतका जीव की खुर्चीत बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने त्या दाबून बघते. घरी टीव्हीसमोरसुद्धा.

सर्व्हरच्या खोलीतली जागा निघाली आणि बाईच्या अंगात वारं शिरलं. फोन घेणं बंद, आता सगळ्या हॉस्पिटलाची यंत्रणा सांभाळायची. अट एकच, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवायचं, तेही तीन महिन्यांत. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. फ्रिजच्या दारावर परीक्षेसाठी पाठ करायचे नेटवर्कच्या पोर्टचे आकडे चिकटले. दूध काढायला गेलं की मलाही ते पाठ व्हायला लागले.

पहिली परीक्षा तिने घरूनच दिली, कॅमेऱ्यासमोर. नियम असा की ओठसुद्धा हलवायचे नाहीत. अकरा वर्षं तोंडाने काम केलेल्या बाईला हे सांगून काय होणार? ती प्रश्न पुटपुटत राहिली, पलीकडून दोन ताकिदी आल्या, तिसऱ्यांदा परीक्षाच बंद. दादाने कपाळावर हात मारला. मी हसले, म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला.

दुसऱ्यांदा केंद्रावर जाऊन दिली. या वेळी तोंडाला कुलूप होतं, पण थोडक्यात आपटली. 'बिघाड आला तर आधी काय कराल' अशा सगळ्या प्रश्नांना तिने वायर ठोकून दिली होती. पुस्तकाचं म्हणणं, आधी त्या माणसाला विचारा, बंद पडण्यापूर्वी काय झालं होतं.

"पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात एक फोन उचललेला नाही," वहिनी म्हणाली.

"पण मार्क तोच देणार ना?" मी म्हटलं. त्यावर तिने पुस्तक पुन्हा उघडलं.

तिसरी तारीख मिळाली बुधवारची. अर्जाची मुदत शुक्रवार. आता नापास झाली तर जागा दुसऱ्या कोणाची. मी रजा टाकून सोबत गेले. केंद्रावर तिचं घड्याळ कपाटात ठेवून घेतलं, बाह्या वर करून बघितल्या, चष्मासुद्धा उलटसुलट करून पाहिला. कुठल्याही यंत्राला, वायरीला हात लावायचा नाही, लावला तर परीक्षा रद्द, हे वाचून दाखवून सही घेतली. काचेपलीकडे सहा टेबलं होती. अलीकडे मी, आणि देखरेखीला एक तरुण मुलगी.

तासभर सगळं सुरळीत चाललं होतं. मग वहिनीचा हात वर गेला.

पडद्यावर पाटी आली होती, संपर्क तुटला. मुलीने तिला बाहेर आणून माझ्या शेजारी बसवलं आणि वरच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडच्याने सांगितलं, बंद करून चालू करा. तिने केलं. पाटी तशीच. पुन्हा केलं. पुन्हा तशीच. साडेचार वाजले. पाचला केंद्र बंद होणार होतं, आणि पुढची तारीख थेट पुढच्या महिन्यात.

मी खिडकी ते दार येरझारा घालायला लागले, पुन्हा येऊन बसले. वहिनी मात्र गप्प. जी बाई लिफ्ट अडकली तरी लिफ्टला सूचना देते, ती हात मांडीखाली दाबून जमिनीकडे बघत बसली होती. मला राहवेना. उठले आणि त्या मुलीला म्हटलं, "अगं, ज्यांच्यासमोर बंद पडलं, त्यांना तरी विचार की."

मुलीने फोन बाजूला धरला. "मॅडम, बंद पडायच्या आधी काय झालं होतं?"

वहिनीचे कान लाल झाले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"वायर," ती म्हणाली. "टेबलाखालची. मी पायाने दाबली, ती निसटली. सवय आहे मला. मुद्दाम नाही केलं."

मला हसावं की रडावं कळेना. मुलीने फोन ठेवला. मग आत गेली, टेबलाखाली वाकून वायर बसवली, आणि परीक्षा पुन्हा सुरू झाली. त्याच प्रश्नावर, तेवढाच वेळ शिल्लक. तिने वहीत लिहिलं, 'चुकून पायाचा धक्का', आणि म्हणाली, "बसा मॅडम. पाय खुर्चीखाली ठेवा."

पाचला सात मिनिटं कमी असताना वहिनी बाहेर आली. निकाल तिथेच छापून मिळतो. कागद तिने माझ्या हातात कोंबला. उत्तीर्ण. मी तिला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. ती जिना उतरताना सारखं एकच म्हणत होती, "पंचवीस मिनिटं मला ठाऊक होतं गं. पंचवीस मिनिटं. कोणी विचारलंच नाही, आणि माझीही आपणहून सांगायची हिंमत झाली नाही. सगळ्यांचं असंच होत असणार."

अर्ज गुरुवारीच गेला. जागा तिला मिळाली. पण नवा माणूस येईपर्यंत आठवडाभर फोन तिच्याकडेच होता. सोमवारी माझ्या खिडकीवरचा कीबोर्ड बंद पडला. मी फोन लावला, "हॅलो" म्हटलं, आणि वायर दाबायला हात पुढे करून थांबले.

"बोल," वहिनी म्हणाली. "बंद पडायच्या आधी काय झालं होतं?"

आणि मग गप्प राहिली. फोनवर तिला मी इतका वेळ गप्प कधीच ऐकलं नव्हतं.

"चहा सांडला," मी म्हटलं. "आधीच्या तिन्ही वेळासुद्धा."