काळी पडणारी लघवी

१९४३ च्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाला साताऱ्याच्या लष्करभरतीत नापास केले. कारण लिहिले होते : लघवीत साखर. त्याचे वय तेव्हा वीस होते. घरातले दोन चुलते पलटणीत होते आणि त्यालाही तिथेच जायचे होते.

मी त्या वेळी सांगलीत एका डॉक्टरांच्या खासगी प्रयोगशाळेत नोकरी करत होतो. दोन महिन्यांनी चुलती त्याला घेऊन वडूजकडच्या गावाहून आली. तेवढ्या काळात त्याने गूळ सोडला होता आणि भात बंद केला होता. तो वाळला होता.

"गावात मला साखऱ्या म्हणत्यात," तो म्हणाला. "एकदा काय ते खरं सांग गड्या."

मी त्याची ताजी लघवी साखर ओळखण्याच्या निळ्या द्रावणात घालून तापवली. तळाशी पिवळसर साका बसला. वरचे पाणी तपकिरी झाले, त्याकडे मी लक्ष दिले नाही. कागदावर 'साखर आहे' असे लिहिले आणि डॉक्टरांपुढे ठेवले.

चुलतीला ते पटले नाही. "आवं डाक्टरसायेब, साखर आसती तर मुंग्या लागल्या आसत्या. परसात जातोय तिथं मी चार दिस बघतीया. एक मुंगी न्हाई."

"आये, गप की! हितं कुठं मुंग्या काढतीस?"

"तू गप रं. तुझ्यापायीच आलीया."

डॉक्टर हसले. "बाई, तुमची तपासणी आमच्यापेक्षा स्वस्त आहे. करून बघू." त्यांनी पाववाल्याकडून यीस्ट आणवले आणि लघवीत मिसळून नळी उबेला ठेवली. साखर असती तर ती आंबून बुडबुडे आले असते. दुपारपर्यंत एकही आला नाही.

उरलेली लघवी टेबलावर उघडीच राहिली होती. वरचा थर काळपट झाला होता आणि तो रंग खाली उतरत होता. डॉक्टरांनी बाटली चुलतीला दाखवली.

"हे आधी कधी पाहिलंय?"

तिने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. म्हणाली, "तान्हा व्हता तवापासनं. दुपटी राखंच्या पाण्यात घातली की काळी व्हायची. सासूला कळू नये म्हणून मी वढ्यावर लांब जाऊन धुवायची. बाहेरचं काय तरी लागलंय म्हणतील, ही भीती."

"नवरा नात्यातला?"

"व्हय, आत्त्याचाच ल्योक."

ताज्या लघवीत डॉक्टरांनी फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. गडद निळा रंग क्षणभर दिसला आणि गेला. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. डाळ, दूध, मटण यांतल्या प्रथिनांत टायरोसीन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीर त्यातून स्वतःची प्रथिने बांधते आणि कातडीचा काळा रंगही त्यातूनच तयार होतो. जास्तीचे टायरोसीन टप्प्याटप्प्याने मोडले जाते. या मुलात त्यातला एक टप्पा जन्मापासून बंद आहे. तिथे अडकलेले आम्ल लघवीतून बाहेर पडते. हवा लागली की ते काळे होते, आणि राखेच्या किंवा साबणाच्या पाण्यात लवकर होते. निळ्या द्रावणात ते साखरेसारखाच साका देते. आईबाप रक्ताच्या नात्यातले असले की हा दोष जास्त आढळतो.

"मंग हा रोग हाय का न्हाई?" चुलतीने विचारले.

"आज याला काही त्रास नाही. म्हातारपणी पाठ आणि सांधे धरतील. मधुमेह मात्र नाही. गूळ खाऊ द्या."

मी आधीचा कागद फाडून नवा लिहिला. डॉक्टरांनी भरतीच्या डॉक्टरांना इंग्रजीत पत्र दिले, त्यात तिन्ही तपासण्या नोंदवल्या आणि यीस्टची तपासणी पुन्हा करून पाहावी, असे सुचवले. चुलतभाऊ ते घेऊन एकटाच साताऱ्याला गेला.

तिथे लघवी पुन्हा तपासली. दिवाळीआधी त्याचे कार्ड मला सांगलीत मिळाले. त्यात दोन ओळी होत्या : साखर नाही असे लिहून दिले. सोमवारी पलटणीत हजर झालो.