दोन काट्यांसाठी एक लायब्ररी

दादाची लायब्ररी पुस्तकांची नव्हती. अकोल्याच्या एका धरमकाट्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने लिहिलेली एक फाइल होती. ती काट्याचं वजन वाचायची आणि तिथले सगळे प्रोग्राम तीच वापरायचे. दादा गेला, तरी ट्रकांची वजनं तीच वाचत होती.

मग मालकाने दुसरा काटा बसवला. दोन्हीकडे एकदम गाड्या चढल्या आणि तुरीच्या ट्रकचं वजन सरकीच्या पावतीवर छापून आलं. मीही प्रोग्रामच लिहिते, म्हणून मालकाने मला अमरावतीला फोन केला.

"ताई, भाऊ तुमचा. तुमीच पाहा, नाही तं काढून टाकतो ते."

चूक उघड होती. दादाने वजन ठेवायला एकच जागा केली होती. एक काटा असताना ते बरोबरच होतं. आता दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामची एका वेळी चालणारी दोन कामं, त्याच जागेत लिहीत होती. प्रत्येक थ्रेडला स्वतःची जागा द्यायची आणि थ्रेडचा पर्याय लावून लायब्ररी नव्याने कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेल्या कोडची मशीनला चालणारी फाइल बनवायची. त्यासाठी मूळ कोड हवा. तो फक्त दादाच्या लॅपटॉपमध्ये होता.

"लॅपटॉप तं तेरवीले देला ना, ताई," वहिनी म्हणाली. "गादी, छत्री, चपला अन् तो. वापरातलं द्या लागते म्हणे. गुरुजींची पोरगी कॉलेजात हाये."

त्या मुलीने लॅपटॉपमधलं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली होती.

"काकू, काही ठेवायचं होतं का त्यातलं?" फोनवर तिचा आवाज एकदम बारीक झाला. मी नाही म्हटलं.

कंपाइल झालेल्या फाइलमधून दादाने लिहिलेलं परत निघत नाही. मी सगळं नव्याने लिहिलं, कंपाइल केलं आणि अकोल्याला गेले. वहिनी सोबत आली. जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली. दोन्ही काट्यांवर एकदम गाड्या घेतल्या. वजनं बरोबर आली.

"ह्यांचं काही राहिलं का त्यात?" वहिनीने विचारलं.

"नाव. फाइलचं नाव त्यानं दिलेलंच ठेवलं. बाकीचे प्रोग्राम तेच शोधतात."

"अजून शोधतात?"

"रोज."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. बाहेर पुढचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.