क्यूची टिप सुटली नाही

माझं पोस्टिंग चांद्याला झालं तेव्हा मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. चंद्रपूरला त्या काळी चांदाच म्हणत. आलापल्लीकडच्या जंगलात लष्कराच्या इंजिनिअर्सची एक कंपनी रस्ता आणि पूल बांधत होती, आणि त्या कंपनीसाठी चांद्याजवळ एका जुन्या क्लबात वीस खाटांचं हॉस्पिटल उघडलं होतं. पेशंट बहुतेक मलेरियाचे, थोडे हाडं मोडलेले. जुने साहेब लोक जाताना स्नूकरचं टेबल मागे ठेवून गेले होते. ते कुठल्याच दारातून बाहेर निघेना, म्हणून आम्ही त्याच्याभोवती वॉर्ड मांडला.

सकाळी सहाला टेंपरेचर, मग ड्रेसिंग, मग मेजरसाहेबांचा राउंड. दुपारी ज्यांना उठता येई ते टेबलावर खेळत. मेजरसाहेब आमचे डॉक्टर होते. खेळण्याला त्यांनी हाताचा व्यायाम म्हणून परवानगी दिली होती. पण बॉल मारायच्या काठ्या, म्हणजे क्यू, सगळे निकामी होते. क्यूच्या टोकाला चामड्याची बटणाएवढी टिप असते. पावसाळ्याच्या दमट हवेत एकेक टिप सुटून पडली होती, आणि टिपेशिवाय नुसत्या लाकडाने बॉल मारता येत नाही.

हे काम हवालदार डोमाजी राऊत यांनी अंगावर घेतलं. गाव नागभीडजवळ, घरची धानाची शेती. कंपनीत सुरुंगाचं काम त्यांच्याकडे असे. रस्त्यासाठी दगड फोडायच्या खाणीत उडालेल्या कपचीने त्यांचं उजवं मनगट कापलं गेलं होतं. जखम भरली होती, मूठ वळत होती. आता मेडिकल बोर्ड बसायचं होतं. बोर्डाने फिट म्हटलं तर परत कंपनीत, नाहीतर घरी.

मेजरसाहेब म्हणाले, "बोर्डाचे कर्नल स्नूकरवाले आहेत. टेबल नीट दिसू द्या."

राऊतांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आधी त्यांनी धावड्याचा डिंक लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी टिप बोटाने ढकलली तरी सरकली. मग सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन मागवलं.

"हे रबर हाय बाई," ते म्हणाले. "बॉल मारला का टिप मांगं दबते अन् बॉल भलतीकडंच जाते."

मी जवळच्याच वरोऱ्याची, त्यामुळे माझ्याशी ते घरच्यासारखं बोलत. चारचौघांत मात्र सिस्टर म्हणत.

मग पळसाची लाख. ती वितळवून लावली. टिप घट्ट बसली, दमट हवेलाही दाद देईना. पण जोराचा फटका बसला तशी कट्कन उडून शिंदेच्या खाटेखाली गेली. शिंदे हा साताऱ्याचा लान्स नाईक. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळं.

शेवटी सुताराचा सरस. त्याची लादी पाण्यात भिजत घालायची, डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून शिजवायची आणि उकळी येऊ द्यायची नाही. वॉर्डभर वास सुटला.

"हवालदारसाहेब, मटण कधी वाढताय?" शिंदे ओरडला.

"मटनच हाय. हाडाचं अन् चामड्याचं. देऊ का वाटीभर?"

"नको. पाय जोडायला थोडं ठेवा."

सरसाची पकड चांगली होती. फटका सोसत होता. पण दोन दिवसांत ओलीने कडेपासून मऊ पडू लागला. राऊत क्यू मांडीवर घेऊन बसून राहिले.

"काऊन बसले असे?" मी विचारलं.

"सरस ओल सहन नाई करत, लाख मार सहन नाई करत. आता कुठी जाऊ?"

मी म्हटलं, "दोन्ही वापरा. आत सरस, आणि वाळल्यावर बाहेरून कडेला लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटात विरघळते. स्पिरिट मी देते."

 ते उठले. जुना सरस पात्याने खरवडला, लाकडाचं तोंड सपाट केलं आणि डबा पुन्हा चढवला. मी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते.

"अहो, हात!" शिंदे किंचाळला.

राऊतांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने तापलेला डबा धरला होता. धरून ते माझ्याशीच बोलत होते, पॉलिश किती पातळ करायचं ते. मी डबा काढून घेतला. कातडी पांढरी पडली होती. थोड्या वेळात फोड आले.

"कळलं नाही?"

त्यांनी हात पाठीमागे नेला.

बोटांना जाणीव आहे का ते पाहायला आम्ही टाचणी टोचत असू, तेव्हा ते डोळे मिटून बरोबर उत्तरं देत आले होते. टाचणी टोचताना मनगट किंचित दबतं, त्यावरून ओळखत असणार. बोटांत काहीच नव्हतं. जाणिवेची नस तुटलेली होती.

पट्टी बांधताना ते हळूच म्हणाले, "बाई, साहेबाले नका सांगू. मी सुट्टीवर घरी जाऊन आलो न. धानाचं रोवणं कराले चिखलात उतरलो तं रोपाची पेंडी हातातून गळून जाय. मोठा भाऊ काई बोलला नाई. वहिनीनं पेंडी उचलून देल्ली. तिथी काय करू मी? इथी माही पोरं हायेत."

पोरं म्हणजे त्यांच्या सेक्शनचे जवान.

"सांगणार," मी म्हटलं. "सुरुंगाचं डेटोनेटर बोटांनीच धरायचं असतं ना?"

"मंग टिपेसाठी स्पिरिट कायले देल्लं?"

"टिप बसली पाहिजे म्हणून. बोटांचं वेगळं."

त्यांनी मान फिरवली. मी त्याच दिवशी मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी स्वतः बोटं तपासली आणि शिफारस लिहिली: सुरुंगाचं काम नको, स्टोअर्सवर ठेवावं. राऊत घरीही जाणार नव्हते आणि खाणीवरही नाही. मला ते पटलं.

बोर्डाच्या दिवशी फोड सुकले होते, आणि आत सरस, बाहेर लाख लावून राऊतांनी बसवलेली टिपही घट्ट होती. कर्नलसाहेबांनी जेवणानंतर टेबल पाहिलं, क्यू उचलला, टिपेवर नख दाबलं आणि विचारलं, "ही कोणी बसवली?"

"मी, सर."

"खेळतोस?"

हवालदाराने कर्नलबरोबर खेळणं रिवाजात बसत नव्हतं, पण हॉस्पिटलात चालून गेलं. राऊत चांगले खेळले. लांबचा एक लाल बॉल त्यांनी कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घातला तेव्हा शिंदेने खाटेवरून टाळी वाजवली आणि मी त्याला गप्प केलं. टिप जागची हलली नाही.

कर्नलसाहेब म्हणाले, "या हाताला काय झालंय?"

मेजरसाहेबांनी शिफारस पुढे केली. मीही बोलले. "सर, क्यू मागच्या हातात नुसता टेकलेला असतो. काम कोपर करतं. बोटांच्या टोकांना काही कळावं लागत नाही. डेटोनेटरला लागतं."

"सिस्टर, तुम्ही खेळता?"

"नाही, सर."

"मग राहू द्या. हात मी खेळताना पाहिलाय."

बोर्डाचे दुसरे दोघे त्यांच्याहून ज्युनिअर होते. फिट असा निकाल लिहिला गेला. राऊतांनी कडक सॅल्यूट केला. तसा आनंद मी त्या वॉर्डात दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

ट्रकमध्ये चढताना ते मला म्हणाले, "बाई, क्यू उभे नका ठेवू, वाकतीन. कोरड्या जागी आडवे ठेवजा." रागाचं काही उरलं नव्हतं.

भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत खाणीवरून निरोप आला. वायरलेस सेट आमच्या व्हरांड्यात होता. ऑपरेटर जेवायला गेला होता, मी हेडफोन घेतला.

"हॉस्पिटल, खाणीवरून बोलतोय. कॅज्युअल्टी एक. ओव्हर."

"स्ट्रेचर केस? ओव्हर."

"निगेटिव्ह. डेड. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

"हवालदार राऊत. ओव्हर."

"बाकी कोणी? ओव्हर."

"कोणी नाही. फ्यूज बसवायला जोडीला एक जवान असतो. त्यांनी त्यालाही मागे पाठवलं होतं. ओव्हर."

"रॉजर. आउट."

म्हणजे त्या बोटांवर त्यांचाही भरवसा नव्हता. बोटांत काही उरलं नाही हे कर्नल सोडून सगळ्यांना कळत होतं.

संध्याकाळी ट्रक आला. मी आणि मेजरसाहेबांनी शरीर साफ केलं. उजवा हात नव्हता. नागभीडहून मोठा भाऊ आला. त्याने एवढंच विचारलं, "हात बरा झाला म्हणून सांगतलं होतं न?" मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नव्हता झाला." तो राऊतांच्या सामानाची पेटी घेऊन गेला.

पूल पुढच्या उन्हाळ्यात पुरा झाला आणि हॉस्पिटल बंद करायचा हुकूम आला. सामान तपासून द्यायचं काम माझ्याकडे होतं. क्यू कपाटात आडवे होते. राऊतांच्या क्यूची टिप मी अंगठ्याने ढकलली, मग पिळून पाहिली, मग टेबलाच्या कडेवर आपटली. एक पावसाळा आणि एक उन्हाळा होऊन गेला होता. ती सुटली नाही. मी ती सुटावी म्हणून आपटत होते हे शिंदेने पाहिलं. पाय नीट न जुळल्याने तो अजून वॉर्डातच होता; कुबड्या टेकत तो आला, क्यू माझ्या हातातून घेतला आणि इतर क्यूंच्या शेजारी ठेवला.

हवालदार डोमाजी राऊत, इंजिनिअर्स. त्या दिवशी त्यांनी मागे पाठवलेला जवान जिवंत आहे आणि त्याच्या दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत.