वाघोबाच्या वळणावरचा हॉर्न

पहिलंच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की पोरं म्हणतात, "साहेब, नजर लागली." मी मीटर लावतो, सुटलेली वायर शोधतो, झाली दृष्ट काढून. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण या फोरमवर मोठ्या गाड्यांचे मालक बरेच आहेत, कुणाला असं काही झालं असेल तर... म्हणून लिहितोय.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, हायवे सोडून आत. नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक उगाच बघायला येतील. आत शिरलं की एक वळण लागतं, तिथे शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे. तिथून रस्ता टेकडीला वळसा घालतो आणि पलीकडे आमचं घर.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, उभं आयुष्य मुरबाड-टोकावडे काळी-पिवळी जीप चालवायचे. वाघोबाजवळ आले की दोनदा हॉर्न. छोटासा, पिप-पिप. आमच्या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर सगळेच वाजवायचे, देवाला सांगून जायचं म्हणून. गुडघे गेल्यावर त्यांनी जीप सोडली. पुढे मी सात सीटची डिझेल गाडी घेतली, सेकंडहँड, पण ऐसपैस. तिचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. बाजूच्या सीटवर रुबाबात बसायचे आणि वळण आलं की उजवा हात लांब करून माझ्या स्टेअरिंगवरचा हॉर्न स्वतःच दाबायचे. मी वैतागायचो.

"दादा, गाडी मी चालवतोय ना?"

"तू चालव रे. तुला ध्यान नाय राहत, म्हणून मी सांगतो त्याला."

गेल्या भातकापणीत दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कल्याणच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना स्पष्ट सांगितलं की यांना कितपत कळतंय ते सांगता येत नाही. डोळे उघडे असायचे, पण आमच्यावर ठरायचे नाहीत. मी रोज त्यांच्याशी बोलायचो. बरे व्हा असं म्हणण्याचीही हिंमत नव्हती. ते आत कुठेतरी आहेत, आपलं ऐकतायत, एवढं कळलं तरी मला पुरलं असतं.

त्यानंतर गाडीने डोकं खायला सुरुवात केली. आधी डॅशबोर्डवरचे दिवे उगाच लागायचे. मग डावीकडची पुढची काच आपोआप खाली यायची. आणि मग हॉर्न... संध्याकाळी कामावरून परत येत होतो, बाजूला माझी बायको सुजाता, तीही मुरबाडलाच कामाला. वाघोबाचं वळण आलं आणि पिप-पिप!

"बरं केलंत," सुजाता म्हणाली. "दादांची आठवण ठेवलीत."

"अगं, मी नाही वाजवला."

गाडीच्या मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. कुणी म्हणालं अर्थिंग ढिलं असेल, कुणी म्हणालं उंदरांनी वायर कुरतडली असेल. सगळं पटण्यासारखं होतं, सगळं तपासलं, काहीही सापडलं नाही. वळणावर गाडी उभी करून मीटर लावून बसलो, तर ढिम्म. पण घरी परतताना मात्र त्या वळणावर दोनदा वाजणारच. एकदा सुजाताला दाखवायला मी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले, तरी वाजला. ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवसापासून ती शेअर रिक्षाने यायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही त्या वळणाची धास्ती बसली होती. आईने जाऊन वाघोबाला नारळ फोडला. फरक शून्य.

त्या दिवसांत एकच सुख होतं, घरी पोचलो की चहा तयार असायचा. लवकर सुटो की ओव्हरटाइम होवो, मी चपला काढेपर्यंत आई कप पुढे करायची. दमून आलेला माणूस त्यावर काय विचार करणार? प्यायचा, बस.

मग एक दिवस वळणावर मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी त्या हॉर्नने दचकली आणि चरात पडली. गुडघे फुटले तिचे. मी तिला गाडीत घालून वाडीवर सोडायला गेलो, तर म्हणते, "मी तं बाजूलाच व्हते, मंग कशाला वाजवलास रे?" दुसऱ्याच दिवशी गाडी शहापूरला इलेक्ट्रिशियनकडे टाकली. त्याने हॉर्न, रिले, स्टेअरिंगपासूनची वायर सगळं नवीन घातलं. परत येताना वळणावर मी श्वास रोखून बसलो होतो. काही नाही... एकदम शांत. इतकं हलकं वाटलं की उरलेला रस्ता मी शीळ घालत आलो.

घरी आलो तर चहा नव्हता.

आई दादांच्या खाटेशी बसली होती. मला बघून दचकलीच. "कदी आलास? मला कळलाच नाय."

"गाडी सुधारली, आई. आता तो हॉर्न बंद."

ती दादांच्या हाताकडे बघत राहिली. "तरीच," ती हळूच म्हणाली.

"तरीच काय?"

"तुजे यायच्या टायमाला यांचा हात हालायचा रे. ह्यो उजवा. गादीवर दोनदा दाबायचे. मंग मी उठून चाय ठेवायची. चाय उकळली का तू दारात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी दोघं आधीच घाबरलेली. सुजाताला कळला असता तर ती या खोलीत पाय नाय टाकती. मला वाटला, यांना हॉर्न ऐकू येतो, म्हणून हालतो हात. चांगलाच आहे ना?"

वळण टेकडीच्या पलीकडे आहे. सुजाताला घरी ओट्यावर बसवून मी नंतर तिथे मुद्दाम हॉर्न वाजवून बघितला. घरापर्यंत काहीही ऐकू येत नाही. आणि तपासायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना त्या हातात कधीच हालचाल दिसली नव्हती.

मी पुन्हा शहापूर गाठलं. म्हटलं, जुनं सगळं परत बसव.

इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, लोक बिघाड काढायला येतात. तुमी बिघाड मागायला आलात?"

भंगाराच्या डब्यातून त्याने जुना हॉर्न, जुना रिले, जुनी वायर शोधली आणि तोंड वाकडं करून बसवून दिली. काही उपयोग झाला नाही. आता दिवे लागत नाहीत, काच खाली येत नाही, गाडी एकदम ठणठणीत आहे. एकदा तर मी वाघोबापुढे हात जोडून उभा राहिलो आणि गाडी बिघडू दे म्हणून विनवणी केली. मी, मेंटेनन्सवाला!

योगायोग म्हणा, आईचा भास म्हणा. दादा माझ्याशी बोलत होते आणि मी ती वायर काढून भंगारात टाकली, एवढंच मनात येत राहतं. कुणाच्या गाडीत असा गेलेला बिघाड परत आला असेल तर कृपा करून सांगा.

सुजाता आता पुन्हा माझ्याबरोबर येते. परवा वळण आलं तेव्हा तिने बाजूच्या सीटवरून उजवा हात लांब केला आणि दोनदा हॉर्न दाबला. घरी दादांचा हात गादीवर होता तसाच होता. आई आम्हाला बघून उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.