शेवटच्या गोळीचं वजन

तयार झालेली प्रत्येक गोळी चाचा पोलादी साच्याच्या भोकात सोडायचे, मान तिरकी करून कान लावायचे आणि ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला की म्हणायचे, “बसली. खलास!” मगच ती डब्यात जायची. जी अडकायची तिला “नखरे करते बघ” म्हणत ते हलव्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. त्या डब्याचं नाव माहेर. तिथल्या गोळ्या सवडीनं उघडायच्या. शिसं वेगळं, दारू वेगळी, पुंगळी वेगळी.

रियाधजवळच्या एका शूटिंग क्लबात स्पर्धकांसाठी पिस्तुलाच्या गोळ्या हातानं भरून द्यायच्या, हे चाचांचं काम. गाव दापोलीकडचं, अगदी समुद्राला लागून. माझा नवरा इथे बँकेत, आणि मी क्लबाच्या स्पर्धांचे गुण टॅबलेटवर भरायचे. पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून त्यांनी गोळ्या भरायच्या प्रेसचा दांडा सोडला.

“पुण्याची काय गो बाय? मग माझी चूक काढशीलच. काढ, काढ!”

तुम्ही म्हणाल, गोळ्या काय विकत मिळत नाहीत? मिळतात हो! पण तयार ब्लाउज आणि मापानं शिवलेला ब्लाउज यात फरक असतोच ना? तसंच हे. आणि आमचा शिंपी नम्र वगैरे मुळीच नव्हता. “अख्ख्या अरबस्तानात असा हात नाय,” हे ते चहा मागावा इतक्या सहज सांगायचे. एकदा मॉलमध्ये भेटले आणि लांबूनच ओरडले, “बाय, नूराची दारू कमी केली हां मी!” शेजारून चाललेलं एक मराठी कुटुंब जागच्या जागी थिजलं. सौदीत, भर मॉलमध्ये! मी त्यांना हात जोडून सांगितलं, अहो, बंदुकीची दारू, बंदुकीची!

ही नूरा म्हणजे सौदी दातांची डॉक्टर आणि चाचांची लाडकी नेमबाज. दिवसभर लोकांच्या दाढा काढून तिचं मनगट भरून यायचं, म्हणून चाचांनी तिच्या गोळ्यांचा दणका कमी केलेला. पण या खेळात गोळी फार मवाळ असून चालत नाही. स्पर्धेच्या दिवशी पंच तुमच्या पिशवीतल्या आठ गोळ्या काढून घेतात आणि शिशाचं वजन गुणिले वेग असा हिशेब करतात. तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला की खुशाल नेम मारत बसा, तुमचे गुण शून्य. चाचांनी नूराच्या गोळ्या भर उन्हाळ्यात, दुपारी तपासल्या होत्या.

“बरोब्बर काठावर! याला म्हणतात हात.”

पुढे गोळीच्या टोकाला बसवायच्या शिशाच्या गुंड्यांची नवी खेप जराशी जड आली. “जाड्या आल्यात मेल्या,” असं चाचा दिवसभर कुरकुरले, पण परत पाठवायचा कंटाळा केला आणि जुन्यांत मिसळून नूराच्या गोळ्या त्यातूनच भरल्या.

आणि मग आली निवडीची स्पर्धा. अल खर्जच्या बाजूला, उघड्या माळावर, ऐन थंडीत. नूराला देशाच्या संघात जायचं होतं, तेवढ्यासाठी तिनं दोन वर्षं जीव काढला होता. चाचांची तर ही शेवटचीच स्पर्धा. वय झालं होतं, फायनल एक्झिट लागली होती, आठवड्याभरात ते कायमचे गावी निघणार होते. सकाळी कानाभोवती शेमाग, तो चौकड्यांचा अरबी रुमाल, गुंडाळून चहा घेत ते माझ्याकडे आले आणि बोलता बोलता थांबले. तोंडातून वाफ निघत होती, तिच्याकडेच बघत राहिले.

“बाय, वाट लागली.”

“काय झालं चाचा?”

“गारठा गो! गारठ्यात ही दारू आळसावते. वेग पडतो. मी उन्हाळ्यात तपासली ना!”

मी टॅबलेट उचलून पंचांच्या टेबलाकडे धावले. तोवर पंचांनी नूराच्या गोळ्या काढल्याही होत्या. एक उघडून शिसं तोललं. नेमकं जुन्या खेपेतलं, हलकं. तीन गोळ्या यंत्रासमोर उडवल्या. कमी. आणखी तीन. तरी कमी, अगदी केसभर! आता एकच उरली होती. पंच म्हणाले, “ही उडवायची, की उघडून हिचं शिसं तोलायचं? जड निघालं तर तेच वजन धरू. तू सांग.”

नूरानं वळून दोरीपलीकडे पाहिलं. चाचा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मला तर ओरडावंसं वाटत होतं, बोला ना हो काहीतरी!

“वजन,” चाचा एकदम म्हणाले. अरबीतही शब्द तोच.

“नक्की?” तिनं अरबीत विचारलं.

“नाही,” चाचा म्हणाले. या माणसाला आपली खात्री नाही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“वजन करा,” नूरा पंचांना म्हणाली.

ठक, ठक, ठक. पंचांनी गोळी हातोड्यासारख्या अवजारात घालून आपटली. शिसं सुटून बाहेर आलं. सोनाराकडे असतो तसला इवला काटा, त्यात वारा सुटलेला, आकडा काही ठरेना. पंचांनी दोन्ही हातांनी आडोसा धरला. आकडा थांबला. मी टॅबलेटवर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि अशी किंचाळले की लांबचे उंटसुद्धा बघायला लागले असतील. पास! काठावर, पण पास!

चाचा मट्कन वाळूत बसले. रडतायत की हसतायत तेच कळेना. “जाडी होती गो! जाडी होती!”

मग काय विचारता! नूरा अशी सुटली की लोखंडी चकत्या धडाधड आडव्या झाल्या. घंटेवर घंटा वाजावी तसा नुसता आवाज. संध्याकाळी संघाच्या यादीत तिचं नाव लागलं. कब्सा खाताना चाचा भेटेल त्याला सांगत होते, “ते शिसं मी मुद्दाम मिसळलेलं.” आम्ही दोघी माना डोलवत होतो. जाताना त्यांनी तो पोलादी साचा नूराच्या हातात ठेवला.

आता नूरा आपल्या गोळ्या क्लबात स्वतः भरते. परवा तिच्या पहिल्या परदेशातल्या स्पर्धेची तयारी चालली होती. ती चाचांच्या स्टुलावर बसली होती. मी गावी फोन लावून तिच्यापुढे धरला. चाचांच्या मागे बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचा कालवा चाललेला.

“गारठ्यात तपासलीस काय?” पहिला प्रश्न, अरबीत.

“बर्फाच्या पेटीत ठेवून तपासल्या, चाचा.”

“शाब्बास. सोड एक.”

तिनं सोडली. टक्. “बसली!” नूरा मराठीत म्हणाली.

“नाय बसली,” चाचा म्हणाले.

तिनं कडेवरून बोट फिरवलं. जरा वर राहिली होती खरी. गोळी माहेरच्या डब्यात गेली. तिनं दुसरी सोडली. टक्. आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो.

“बसली,” चाचांचा आवाज आला. पुढचा शब्द काही येईना. फोनमधून नुसते मासळीचे भाव ऐकू येत होते.

“खलास,” नूराच म्हणाली आणि गोळी डब्यात ठेवली.