शाल बंद

इथे कानडी मुलखात, आमच्या मराठी मंडळात एक रीत होती. कार्यकारिणीतून निवृत्त होणाऱ्याला वार्षिक मेळाव्यात व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. चिकपेटेच्या बाजारातून शाली आणायच्या, घडी घालून तबकात मांडायच्या, हे काम माझं. वीस-बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शालींच्या घड्या घातल्या आणि दर वेळी मनात म्हटलं, माझीही येईल. यंदा येणार होती.

नेमक्या त्याच वर्षी अक्का अध्यक्ष झाल्या. एचएसआर लेआउटला तिमजली घर, दारात दोन गाड्या, आणि बाई मंडळात येतात बसने. खादीची साडी, खांद्याला कापडी पिशवी, घरून आणलेली पाण्याची बाटली. पहिल्याच दिवशी सगळे हरखले. “एवढं असून किती साधं राहणं!” मी येलहंक्याहून तीस वर्षं दोन बस बदलून येतेय. माझीही पिशवी कापडीच, तीसुद्धा जुन्या परकराची. तिचं कौतुक कधी कुणाला सुचलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी जळत होते, चांगलीच जळत होते.

मेळाव्याआधीच्या बैठकीत अक्का म्हणाल्या, “लोकांच्या वर्गणीचा पैसा आहे. स्वल्प काटकसर करूया. शाली काय, कपाटात पडून राहतात. यंदापासून एक गुलाब पुरे. सरी ना?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. यंदा निवृत्त होणारी मी एकटीच. नको म्हणावं तर हावरी ठरेन, म्हणून सगळ्यांच्या आधी मीच हात वर केला. “सरी अक्का,” असा कानडीतूनच होकार भरला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं. शाली पडूनच राहतात. पण मला माझी शाल माझ्या कपाटात पडून राहायला हवी होती.

मेळाव्याला मुलगी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून आली, फोटो काढायला. मला गुलाब मिळाला. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. मग कुणीतरी माइकवरून सांगितलं की शालींचा खर्च अक्कांनी बंद केला, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. शाल गेली माझी आणि टाळ्या मिळाल्या त्यांना! मीही उभी राहिले, गुलाब पिशवीत टाकला आणि टाळ्या वाजवल्या.

परतताना मुलीने टॅक्सी केली. वाटेत ती फोटो बघत होती.

“आई, अक्का काय ग्रेट आहेत गं! घरी गाड्या असून बसने येतात.”

“मीही बसनेच येते की. तीस वर्षं झाली.”

तिने फोनमधून मान वर केली नाही. “तुझं वेगळं आहे गं,” ती म्हणाली. “तुला सवयच आहे.”